उपासाची साखर

बैलगाडी वेशीपाशी आली तेव्हा निम्मं गाव डोळे पुसत होतं, आणि मला मात्र कधी एकदा नगर बघतेय असं झालं होतं. खोटं कशाला बोलू? कर्जतच्या पुढं मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. मालक गाडीत पाय लांब करून बसले होते. काटा लागून अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मधुमेह सांगितला होता, आणि बजावलं होतं की दवाखान्याजवळ राहा, रक्तातली साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल. शेत दिरांच्या हवाली केलं आणि निघालो. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या गाडीचं चाक धरून म्हणाल्या, "माझं लेकरू दोन पायांवर परत आन गं बाई. दुसरं काय बी मागत न्हाई."

तर गावाकडच्या बायांनो, आणि माझ्यासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन गेलेल्यांनो, ऐका. गावात मी चूल आणि गोठा एवढंच जाणत होते. नगरात आल्यावर मी चक्क डॉक्टरीण झाले! हसू नका. दवाखान्यातून काचेची नळी मिळाली, निळं औषध मिळालं. त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर झकास, हिरवं झालं तर चालेल, आणि विटकरी झालं तर साखर लई चढली म्हणून समजायचं. सारी चाळ बघायला जमायची.

इन्शुलिनची सुई रोजची होतीच. पण डॉक्टरीणबाई म्हणायच्या, निम्मं औषध तुमच्या परातीत आहे. गूळ बंद, भात बंद, भाकरी नितकोर, चतकोराहूनही कमी. त्याऐवजी मेथी, तांदुळजा, दोडका, मटकीची उसळ, ताक, अंडी. मालक भाकरीकडे बघून कळवळायचे. "आगं, ही भाकरी हाय का परसाद?" मी म्हणायचे, "परसादच हाय. हात जोडा आन खावा." लढाईमुळं साखर कार्डावर मिळायची. आमच्या वाट्याची शेजारणीला द्यायचे, तर ती माझ्यावर जीव टाकायची!

नळीतलं पाणी हळूहळू हिरव्यावर आलं. मी तर हवेतच होते. तेवढ्यात आत्याबाईंचा निरोप आला की पायासाठी मी सोमवार बोललेय, दोघांनी धरा. मला वाटलं, वा! डॉक्टरीण म्हणते कमी खा, देव म्हणतो उपास कर, दोघांचं एकमत झालं. सोमवारी मालकांना भगर केली, दाण्याची आमटी केली, रताळ्याचा कीस केला, वर राजगिऱ्याचा लाडू दिला. उपासालाच काय ते माणूस पोटभर जेवलं, म्हणून मलाही बरं वाटलं.

मंगळवारी नळी तापवली आणि बघते तर काय? पाणी विटेसारखं लाल! पुढच्या सोमवारनंतर पुन्हा तेच. जखमेची कडा काळी पडायला लागली. पळतच दवाखाना गाठला. बाईंनी विचारलं, "काय खाल्लं यांनी?" मी छातीठोक सांगितलं, "काही नाही बाई, उपास होता." "उपासाला काय केलं होतंस?" मी एकेक पदार्थ सांगत गेले तशी त्यांनी कपाळाला हात लावला. "एकादशी आणि दुप्पट खाशी! अगं, भगर काय, रताळं काय, पोटात गेल्यावर साखरच होते. देवाला चालतं, पायाला नाही चालत."

मला रडू फुटलं. मग डोळे पुसले आणि पदर खोचला. उपास मोडायचा नव्हता, आत्याबाईंचा शब्द होता तो. मी सोमवारचं पानच बदललं. ताक, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, मूठभर भाजलेले दाणे, बस्स. मंगळवारी नळी तापवली. पाणी हिरवं! काय सांगू, मी दारात जाऊन ओरडलेच. पुढं ते निळ्यावर आलं, जखमेला लाल मांस धरलं, आणि एके दिवशी पट्टी सुटली. पाय वाचला होता. मालकांना तिथंच कापडाच्या दुकानात काम मिळालं आणि आम्ही नगरकर झालो.

होळीला गावी गेलो. मालक गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी घरात शिरले. पण मला धास्ती होती ती पंगतीची. सणाच्या दिवशी पुरणपोळीला नको म्हणणं म्हणजे आपल्याकडं अन्नाचा अपमान. आत्याबाईंना नगरचं सारं सांगून ठेवलं होतं, तरी आईच्या मायेपुढं कोण बोलणार? पंगत बसली. आत्याबाईंनी जाऊबाईंच्या हातातली परात काढून घेतली. म्हणाल्या, "त्याला मी वाढती." आणि लेकाच्या ताटात मेथी, मटकीची उसळ, ताक आणि नितकोर भाकरी वाढली. चुलतसासरे म्हणाले, "वयनी, सणाचं पोराला उपाशी ठिवता व्हय?"

"व्हय, ठिवते," त्या म्हणाल्या. "मला त्यो जिता पायजे." आवाज खणखणीत होता, पण डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं.

लोक विचारतात, आता घर कुठलं, नगर का गाव? अहो, भरभरून वाढणारे कुठंही भेटतात. रडत रडत ज्यांनी हात आखडता घेतला, त्या आत्याबाई जिथं आहेत, ते माझं घर.