धनगरवाड्याखालची उलटी आग

वणवा समोरून चढत होता आणि मी खिसे चाचपत होतो. बडीशेपेची पुडी सापडली, चष्मा पुसायचं कापड सापडलं, काडेपेटी काही सापडेना. मी वनपाल. आग विझवणं आणि वेळ पडली तर लावणं, दोन्ही माझ्या नोकरीत येतं. पण विडी सुटल्यापासून काडेपेटी बाळगायची सवयही सुटली होती.

"सर, विडी सोडायला नको होती तुम्ही," माझा वनरक्षक शकील म्हणाला. तो हसत नव्हता.

मलकापूरच्या वरचा डोंगर, मार्चमधली दुपार. हिवाळ्यात आम्ही डोंगरावर जाळरेषा काढतो. म्हणजे आजूबाजूचं रान ओलसर असतं तेव्हाच एका पट्ट्यातलं गवत कापून वाळवायचं आणि आपणच जाळून टाकायचं. उन्हाळ्यात वणवा तिथवर आला की त्याला खायला काही मिळत नाही. खालची जाळरेषा आम्ही चोख काढली होती. आमच्या वनक्षेत्रपाल साहेबांनी तिचे फोटोही वर पाठवले होते. पण वाऱ्यानं पेटतं गवत उडवलं आणि वणवा पट्टा ओलांडून आला. फोटो त्यानं बघितले नसावेत.

वर पाच-सहा घरांचा धनगरवाडा, गवताच्या छपरांचा. वाड्याखाली एक पायवाट. आता एकच उपाय उरला होता, उलटी आग. पायवाटेवरून आपण आग लावायची. ती वणव्याच्या दिशेनं खाली जळत जाते, दोन्ही आगी भेटतात आणि मधे काही उरलं नाही म्हणून दोन्ही मरतात. मात्र पायवाटेखालचं सगळं जातं.

पायवाटेखाली धोंडूमामांची गंजी होती. त्यांच्या म्हशींची पावसाळाभराची वैरण. चुलीची ठिणगी उडू नये म्हणून मामांनी ती घरापासून मुद्दाम लांब रचली होती.

मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, काउंटर फायर लावू का?"

"तुम्ही स्पॉटवर आहात. तुम्हीच ठरवा."

"मग लावतो."

"मला विचारल्याशिवाय नको हं."

"आता विचारतोय की साहेब!"

"आवाज तुटतोय तुमचा," साहेब म्हणाले आणि फोन बंद झाला. मला त्यांचा आवाज स्वच्छ येत होता.

मामांच्या सुनेनं गंजीतले चार भारे ओढून वर टाकले. पाचव्याला ती खोकत खाली बसली. शकीलनं तिला हाताला धरून वर आणलं.

"मामा," मी म्हणालो, "गंजी जाणार. लावू का?"

मामांनी गंजीकडं बघितलं, घराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लावा सायेब."

"काडी न्हाय माझ्याकडं."

मामा सुनेला म्हणाले, "पोरी, चुलीपाशी काड्यापेटी हाय बघ. दे सायबास्नी."

मी एका टोकानं लावत गेलो, शकील दुसऱ्यानं. गंजी पेटली तेव्हा जाड कापड फाडल्यासारखा आवाज झाला. गोठ्यात म्हशी ओरडू लागल्या. मामा पाठ करून उभे राहिले. खाली दोन्ही आगी भेटल्या, ज्वाळा झाडाएवढ्या उठल्या आणि बसल्या. छपरांवर नुसती राख पडली.

थोड्या वेळानं शकील म्हणाला, "सर, वारं पडलं."

वारं आधी पडलं असतं तर वणवा कदाचित खालच्या कातळावरच थांबला असता. कदाचित नसता. पावसाळ्याआधी मामांच्या दोन म्हशी बाजारात गेल्या. तिसरी लेकीच्या सासरी पाठवली.

या कामात एक गोष्ट कळते. वाचलेलं घर आदल्या दिवशी होतं तसंच उभं असतं, त्यामुळं ते वाचलंय हे कुणाला दिसत नाही. जळलेलं मात्र लांबूनही काळं दिसतं.

त्या रात्री शाहूपुरीतल्या घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं होतं. शेवटी जरा छाती काढून म्हणालो, "पण मी त्यांना विचारल्याबिगर काडी ओढली न्हाई. ते हो म्हणाले, मगच."

ती माझ्या शर्टावरची राख झटकत होती. थांबली.

"वर्दीतला माणूस दारात, मागं डोंगर पेटल्याला," ती म्हणाली. "तवा न्हाय म्हणायला येतंय व्हय कुणाला?"