लाल पट्टीची पोच

माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात नुसत्या पोचा आहेत. ऑफिसात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून, तारीख टाकून आपल्याला परत देतात, ती पोच. विहिरीच्या गाळाची पोच, विजेच्या खांबाची पोच, सातबाऱ्यावर नणंदेचं नाव चुकीचं लागलं होतं त्याच्या तर चार पोचा. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. अर्ज लिहायला शिकले ती शहापूरला, तहसील ऑफिसच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून, दुसऱ्यांचे अर्ज बघून बघून. तिथे पैसे घेऊन अर्ज लिहून देणारे एक म्हातारे बसायचे. ते म्हणाले होते, बाई, सरकारी कागद आला तर घाबरू नको, पण गप्पही बसू नको. सात दिवसांत उत्तर दे आणि पोच घे. एवढं एक मी आयुष्यभर पाळलं. आणि त्याच्यापायीच जो घोळ झाला, तो आता सांगते.

आधी फोनचं सांगायला हवं. आमच्या पाड्यात फोन घरोघरी आहेत, पण नंबर टिकत नाहीत. रिचार्ज परवडलं नाही की सिम पडून राहतं, मग नवीन घेतात. माझा नंबर पहिल्यापासून एकच. म्हणून रेशन, पेन्शन, गॅस, दाखले, ज्याच्या त्याच्या फॉर्मवर माझा नंबर. अकरा घरांचे ओटीपी माझ्याकडे येतात. आले की मी ओट्यावर उभी राहायची आणि ओरडून सांगायची, दोन-दोन आकडे करून. पलीकडच्या आळीपर्यंत जायचा आवाज. कधी दोन घरांचे एकदम आले की विचारायची, गॅस कुणाचा आणि रेशन कुणाचं? सगळे हसायचे. मला त्यात चुकीचं काही दिसत नव्हतं. माणसं विश्वासानं नंबर देतात, आपण विश्वासानं आकडे सांगतो.

माझं मेलचं खातं उघडून दिलं भाचीनं. माझ्या भावाची मुलगी ती. माझं माहेर मुरबाडकडे, म्हसा गावाच्या जवळ. भाची बातमीदार आहे, स्कूटरवर दोन्ही तालुके पालथे घालते. एका छोट्या पेपरात लिहिते, शिवाय बाहेरच्या काही बातमीदारांबरोबर मिळून काहीतरी मोठं काम करते. ते काय, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मी विचारलं ते आमच्या शेजारच्या पाड्याचं. तिथली टेकडी खडीच्या खाणीला द्यायची, असा संमतीचा कागद निघाला होता. त्यावर बायकांचे अंगठे होते. पण कागदावर जी तारीख होती, त्या दिवशी त्यातल्या पाच बायका गावात नव्हत्याच. म्हशाच्या जत्रेला होत्या, माझ्याबरोबर. माझ्या माहेरी उतरलो होतो आम्ही सगळ्या. दिवसभर बैलबाजारात आणि घोंगड्यांच्या दुकानात हिंडलो होतो. मग अंगठे कुणी लावले? ते मला आजही माहीत नाही. माझं नाव त्या कागदावर नव्हतं, म्हणून मी बोलून उपयोग नव्हता. बोलायचं त्या पाचजणींनी.

त्यांना तयार करायला मला दोन महिने लागले. शेवटची तयार होईना. पाचजणींत ती सगळ्यात मोठी, आम्ही तिला थोरली म्हणतो. तिचा मुलगा डंपर चालवतो, आणि डंपर त्याच माणसाचा, ज्याला टेकडी हवी. तिचं नाव बाहेर गेलं तर मुलाचं काम गेलंच समजा. मी तिचा हात हातात घेऊन म्हटलं, तुम्ही पाचही जणी म्हणाल तेव्हाच आपण तहसीलच्या साहेबांपुढे एकदम उभं राहायचं, तोवर नाव बाहेर जाणार नाही. तेव्हा कुठे ती बोलली. भाचीनं माझ्या फोनवर पाचही जणींचं बोलणं भरून घेतलं आणि माझ्याच मेलात ठेवलं. स्वतःच्या मेलात का नाही, तर म्हणाली, माझ्याकडे कुणीही डोकावेल. आत्ये, तुझ्या गॅसच्या बिलांत कोण बघायला येतो?

एका दुपारी मी चिंचोके काढत बसले होते. कुणाच्या तरी दाखल्यासाठी मेल उघडलं, तर वर लाल पट्टी. मराठीतच होतं. सरकारचं पाठबळ असलेले हल्लेखोर तुमचा पासवर्ड चोरायचा प्रयत्न करत असावेत, असं काहीसं. हात पुसून तीनदा वाचलं. खरं सांगते, भीती वाटली नाही. दमल्यासारखं झालं. म्हटलं, विहीर झाली, खांब झाला, आता हे. आता सरकारला माझा पासवर्डही हवा.

भाचीला फोन लावला, लागेना. ती तानशाकडच्या जंगलातल्या गावांत गेली होती, तिथे रेंज नसते. दोन दिवस लावत राहिले. माझ्या डोक्यात सात दिवस मोजणं सुरू झालेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जीपनं शहापूर गाठलं.

झेरॉक्सवाल्याला म्हटलं, या नोटिशीची प्रत काढून दे. तो म्हणाला, आजी, फोनवरून नाही निघत, इकडे कॉम्प्युटरवर मेल उघडावं लागेल, पासवर्ड सांगा. मी सांगितला. माझी सवय तुम्हाला कळलीच आहे, मोठ्यानं सांगितला. दुकानात चारपाच माणसं होती. पासवर्ड तरी काय, माझं नाव आणि जन्माचं साल. मग बाकड्यावर बसून अर्ज लिहिला. त्याची प्रत अजून आहे, बघून लिहिते:

‘महोदय, माझ्या मेलवर सोबत जोडल्याप्रमाणे नोटीस आली आहे. सदर मेलमध्ये खाणीच्या संमतीबाबत पाच महिलांचे जबाब असून ते गुप्त आहेत. तरी ते कुणीही पाहू नयेत, ही नम्र विनंती.’

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा वर केला, परत वाचला. म्हणाल्या, आजी, हे आमच्याकडे येत नाही हो. मी म्हटलं, सरकार लिहिलंय ना त्यात? मग तुम्ही घ्या आणि पोच द्या. रांग वाढत होती. त्यांनी रजिस्टरात विषय लिहून घेतला आणि शिक्का मारला. मी उसाचा रस पिऊन घरी आले. बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भाची आली. मी आधी पोच तिच्या हातात ठेवली. ती उभ्यानं वाचत होती, वाचता वाचता खाली बसली.

“आत्ये, तू यात लिहिलंस, जबाब आहेत म्हणून.”

“लिहिलं. गुप्त आहेत ते पण लिहिलं.”

ती हसायला लागली. हसता हसता गुडघ्यात डोकं घातलं, आणि मग हसत नव्हती.

नंतर चहा घेऊन तिनं मला नीट समजावलं. ही नोटीस सरकारनं पाठवलेलीच नव्हती. मेलवाल्या कंपनीनं पाठवली होती. आपल्या गिऱ्हाइकाला सावध करायला ती अशी पट्टी लावते, आणि त्या पट्टीचं उत्तर कुणालाच द्यायचं नसतं. गुपचूप पासवर्ड बदलायचा, कुलूप पक्कं करायचं. मी मात्र कुलपाला हात न लावता, आत काय आहे ते शिक्क्यानिशी लिहून देऊन आले होते.

“पण कुठलं सरकार गो?” मी विचारलं.

“ते लिहीत नाय. आपलं असंल, भलत्याच देशाचं असंल. मी ज्यांच्याबरोबर ते दुसरं काम करते ना, त्यातल्या दोघांना पण आलीय ही पट्टी. तुझ्या खाणीसाठी कुणी एवढं करत नसंल. माझ्यापायी तुझ्यापर्यंत आले असतील.”

“आत शिरले का?”

“ते कळत नाय, आत्ये. प्रयत्न केला एवढंच कळतं.”

मग तिनं विचारलं, हल्ली कुठल्या मेलमध्ये पासवर्ड टाकला होतास का? मला आठवलं. महिन्यापूर्वी गॅसचं एक मेल आलं होतं, खातं बंद होईल, पासवर्ड परत टाका. मी टाकला होता. बंद होऊ नये म्हणून दोनदा टाकला होता. ते सांगितल्यावर तिनं माझ्या पायाला लागलेला चिंचेचा रेषा तेवढा काढून टाकला.

तशीच ती शहापूरला गेली आणि झेरॉक्सच्या कॉम्प्युटरवर माझं मेल उघडंच होतं ते बंद करून आली. पासवर्ड नवा केला. एक चपटी किल्ली दिली, बोटाच्या पेराएवढी, नव्या जागी मेल उघडताना ती फोनला लावावी लागते. ती मी घराच्या किल्ल्यांतच अडकवली. ओट्यावरून ओटीपी ओरडायचा नाही, हे पण तेव्हाच ठरलं. हे सगळं एका दिवसात झालं. ज्याला वेळ लागला ते वेगळंच.

पाचही जणींना सांगणं भाग होतं. भाची म्हणाली, मी येते बरोबर. मी म्हटलं, नको, शब्द माझा होता. शेजारचा पाडा म्हणजे अर्ध्या तासाची वाट, पण हल्ली गुडघ्यांमुळे मला तास लागतो. त्यात ऊन. शिवाय सांगायचं काय, तर तुमचं नाव बाहेर गेलंही असेल, नसेलही. कुणाकडे गेलं ते माहीत नाही, आणि कधी कळेल तेही माहीत नाही. असलं सांगणं तोंडातून निघत नाही. पहिल्या घरी पाणी पिऊन, पोरांची चौकशी करून उठले होते मी, मग परत बसले आणि सांगितलं.

ती म्हणाली, “म्हंजे आमचे अंगठे गेले, तसा तुझा पण पासवर्ड गेला? बरं झालं. आता झालीस आमच्यातली.”

दुसरी शेणी थापत होती, तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, एवढं ऐकायचंय तर त्या चोरांनी घरी येऊन विचारावं ना, चहा पाजला असता. गॅसच्या मेलचं ऐकून तिसरीनं मला फैलावर घेतलं, मला विचारायचंस, माझ्याकडे तर गॅसच नाय. चौथी नुसती मान हलवत राहिली, ती मला सगळ्यांत जड गेली. पण चौघीही म्हणाल्या, बोललो ते बोललो, असू दे.

थोरलीकडे पोचेपर्यंत दुपार कलली होती. ती दारात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, पोचेचं पण. लपवून काय करायचं. तिनं सूप खाली ठेवलं.

“त्यांच्याकडं गेलं का माझं बोलणं?”

“माहीत नाय.”

“मग तुला काय माहीत हाय?”

आतून मुलाच्या टीव्हीचा आवाज येत होता. ती हळू आवाजात म्हणाली, “माझं काढून टाक. आता, माझ्यासमोर.”

मी सांगू शकले असते की आता काढून उपयोग असेल-नसेल. सांगितलं नाही. तिच्या दारात बसून फोन उघडला. पुसायचं कसं ते भाचीनं दाखवलं होतं. पुसलं तरी ते कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसतं, तिथूनही काढावं लागतं. मी दोन्हीकडून काढलं. पुसण्याआधी ते एकदा आपोआप वाजलं, तिचाच आवाज, घोंगडी घेतली आणि भज्या खाल्ल्या असं सांगत होती. मी घाईनं बंद केलं. ती आतल्या दाराकडे बघत होती.

“पुसलं?”

“पुसलं.”

“मग त्या दिवशी मी कुठं होते?”

“म्हशाला. माझ्याबरोबर.”

“हां,” ती म्हणाली, आणि सूप परत मांडीवर घेतलं. मला थांब म्हणाली नाही. मी उठले.

आता चौघीच आहेत. भाची म्हणते, चार पण पुरतात. साहेबांपुढे जायची तारीख अजून मिळालेली नाही, त्याच्या अर्जाची पोच पिशवीत आहे. खाणीचं काम सुरू झालेलं नाही आणि थांबलेलंही नाही. थोरलीच्या मुलाचं काम चालू आहे. म्हणजे कुणाला काही कळलं नाही, की कळून मनात ठेवलंय, कोण सांगणार? डंपर आमच्या पाड्यावरून जातो तेव्हा मी आत कोण आहे ते बघते. तो हात करतो. मला तेवढ्यानं दिवसभर बरं वाटतं, आणि मग दुसऱ्या दिवशी परत बघावं लागतं.

थोरली दीड महिना आली नाही. तिच्या पेन्शनला माझा नंबर आहे, पण तिनं कुणाकुणाला विचारून काम भागवायचा प्रयत्न केला असं कानावर आलं. गेल्या आठवड्यात आली. काठी टेकत ओट्यापाशी उभी राहिली, म्हणाली, पेन्शनचं काहीतरी परत भरायचं आहे, फॉर्म भरणारी ताई फोनवर थांबलीय, आकडे दे. स्वतःचा फोन तिनं छातीशी धरला होता. मी माझ्या फोनचं तोंड तिच्याकडे केलं. मग लक्षात आलं, तिला आकडे वाचता येत नाहीत.

मी खाली उतरले. तिच्या कानाशी तोंड नेऊन एकेक आकडा सांगितला, आणि ती एकेक आकडा ताईला सांगत गेली, हात तोंडावर आडवा धरून, माझ्यासारखंच हळू. चार झाले. पाचव्याला ताई म्हणाली, ऐकू येत नाय, जोरात बोला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जोरात काही बोललो नाही. तेवढ्यात वेळ संपला आणि तो ओटीपी वाया गेला.

“दुसरा येईल,” मी म्हटलं.

ती ओट्यावर बसली. मी पाणी आणलं. दुसरा यायची वाट बघत बसलो.