तांब्याच्या देशाची वकील

साउथहॅम्प्टनला लॉ शिकताना माझ्या वर्गात आफ्रिकेतली एक मैत्रीण होती. तिच्या देशात तांब्याच्या खाणी आहेत. परत जाऊन ती सरकारी वकील झाली. मागच्या वर्षी ती लंडनच्या क्रॉयडन भागात माझ्या घरी उतरली, ती एक केस घेऊन. कच्चं तांबं बाहेर न पाठवता देशातच शुद्ध करायचं, असा कायदा तिच्या सरकारने केला होता. त्यावर एका परदेशी कंपनीने लंडनमधल्या लवादाकडे दाद मागितली होती. कायदे बदलणार नाही, असं पूर्वीच्या मंत्र्याने करारात लिहून दिलंय, हे कंपनीचं म्हणणं.

अशा केसला त्यांचं सरकार नेहमी इथले वकील लावायचं. यावेळी ती स्वतः उभी राहणार होती. मी माझ्या लॉ फर्ममधून रजा टाकून तिची सहायक झाले.

"घाबरलीस?" मी ट्रेनमध्ये विचारलं.

"हो. पण आमचं संविधान मला पाठ आहे."

सुनावणीत तिने शांतपणे तेच उघडलं. असा शब्द द्यायला संसदेची मंजुरी लागत होती, आणि ती कधी घेतलीच नव्हती. लवादाच्या अध्यक्षांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं, "मंजुरी दाखवू शकाल?" त्यांच्याकडे ती नव्हती. भिंतीवर भारताच्या संविधानाची उद्देशिका लावलेल्या घरात मी वाढले आहे; माझा ऊर भरून आला.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. "जिंकलो आपण," एवढंच ती म्हणाली. मागे तिच्या ऑफिसातले लोक गात होते. मी स्पीकर लावून ते गाणं माझ्या फर्ममधल्या अख्ख्या टीमला ऐकवलं.