मागच्या चाकातली हवा

माझ्या बायकोच्या मामांइतका सावकाश सायकल चालवणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. देऊळघाटाजवळच्या मळ्यातून मामा मेथीची जुडी घेऊन आमच्याकडे निघाले की पोचेपर्यंत मेथीला फुलं येतात, असं माझी बायको म्हणते, आणि ती त्यांची लाडकी भाची आहे! वाटेतली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकत नाहीत. उभ्या सायकलीवर काय भुंकायचं? रस्त्यात कोणी भेटलं तर मामा पाय खाली टेकत नाहीत. सायकल जागच्या जागी डुलवत ठेवून ते समोरच्याच्या म्हशीपासून पुतणीच्या सोयरिकीपर्यंत सगळी विचारपूस करतात. शाळेत असताना हळू सायकलीच्या शर्यतीत, म्हणजे जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला अशा शर्यतीत, त्यांनी ओळीने तीन वर्षं स्टीलचा डबा पटकावला होता. "जवाईबापू, जोरात तं कोनीबी जाते," ते मला समजावतात, "थांबल्यावानी जाऊन दाखवा."

त्या सायकलीला हात लावायचा अधिकार जगात दोघांनाच. एक मामा, दुसरे मोहल्ल्यातले पंक्चरवाले चाचा. मामांच्या माळी आळीपासून चाचांचं दुकान मोजून दोनशे पावलांवर. मामा रोज सकाळी तिथे जायचे, "हवा कमी वाटून राह्यली" म्हणायचे, चाचा पंप मारायचे आणि मग दोघं एकाच कपातला चहा अर्धा-अर्धा पीत एकमेकांच्या अकलेचा उद्धार करायचे. हा नेम इतक्या वर्षांचा होता की आळीतल्या बायका त्यावर दूध तापवायची वेळ ठरवायच्या.

मग एका मिरवणुकीच्या दिवशी गावात दगडफेक झाली. पहिला दगड कोणी उचलला याच्या दोन आळ्यांत दोन वेगळ्या हकिकती आहेत आणि जावई म्हणून मला दोन्ही पूर्ण ऐकाव्या लागल्यात. चाचांच्या दुकानाच्या फळ्या फुटल्या, पंप कोणीतरी उचलून नेला. दुसऱ्या दिवशी मामा तिकडे निघाले होते. आळीतली माणसं म्हणाली, इतक्यात नको. मामा थांबले. तिसऱ्या दिवशी त्यांना थांबल्याची लाज वाटली, चौथ्या दिवशी जास्त वाटली, आणि आठवड्याने त्या लाजेपोटी जाणंच अवघड होऊन बसलं. नेमकं तेव्हाच सायकलीचं मागचं चाक बसलं.

आता शहाण्या माणसाने दुसरीकडे पंक्चर काढलं असतं. मामांनी सहा महिने पंक्चर सायकल ढकलली! कॅरिअरवर वांग्यांचं पोतं, शेजारी घाम पुसणारे मामा, अशी वरात थेट बुलढाण्याच्या बाजारापर्यंत जायची.

"मामा, इथे चौकात पंक्चरवाला आहे की," मी म्हणालो.

"तुमची दाढ दुखली तं तुम्ही वाटसरूले तोंड उघडून दाखवता का?" मामा कडाडले.

शेवटी मामांनीच एक दिवस जाहीर केलं, रविवारी सकाळी माळी आळीच्या पारापासून मोहल्ल्याच्या नळापर्यंत हळू सायकलीची शर्यत. बक्षीस वांग्यांचं पोतं. पाय टेकला की बाद. आधी कोणी नाव देईना. मग पलीकडचे जिंकले तर काय घ्या, या धास्तीने दोन्हीकडून सायकली निघाल्या. मला पंच नेमलं. आमच्या सौभाग्यवतींचे एक थोराड चुलत मामा मोहल्ल्यातल्या शिंप्यावर सायकलीसकट कलंडले. दोघांनी एकमेकांची धूळ झटकली, लागलं का विचारलं, आणि मग त्यांना आठवलं की आपण बोलत नाही!

मामा मात्र अजून पारापाशीच, बसक्या चाकाच्या सायकलीवर टांग टाकून. दुकानात पाठ फिरवून बसलेल्या चाचांनी एकदाच मान वळवली आणि मग त्यांना राहवेना. तावातावाने दोनशे पावलं चालत ते आले.

"काऊन बे! सारी रिम वाकडी केली तू! लोक काय म्हनतीन, मी मेलो का?"

शर्यत थांबली. भर रस्त्यात घमेलं आलं, ट्यूब पाण्यात बुडाली, बुडबुडे निघाले. दोन्ही आळ्या मान वाकवून बुडबुडे मोजत होत्या. ठिगळं लागली. पण हवा कशाने भरणार? तेवढ्यात माळी आळीच्या गर्दीतून एक पंप हातोहात पुढे सरकत आला. कोणाच्या घरून निघाला ते कोणी विचारलं नाही. चाचांनी त्याची घासलेली मूठ ओळखली, हवा भरली आणि शिंप्याची सायकल मागून घेतली. "चाल, आता मीबी हाय."

शर्यत पारापासून पुन्हा सुरू झाली. बाकी सगळे पडले, बाद झाले. हे दोघे उरले, हँडलला हँडल लावून, मुंगीच्या चालीने. मी शेजारून चालत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"त्या दिवशी म्या याले पाह्यजे होतं," मामा पुढच्या चाकाकडे पाहत म्हणाले. "लय चुकलं माह्यं."

"हाव," चाचा म्हणाले. त्यांनी डुलणारं हँडल सावरलं. मग ते म्हणाले, "दोनशे पावलं याले तुले सहा महिने लागले. तरी शेवटी मलेच या लागलं. तुह्याशी कायची शर्यत लावतो मी? जिंकला तू."

आणि त्यांनी पाय टेकला. ते पाहून हसावं की रडावं हे मामांना कळेना. दोन्ही एकदम करायला गेले आणि जन्मात पहिल्यांदा सायकलवरून आडवे झाले. वांगी मोहल्ल्यात शिजली. मी जेवायला होतो. तिखटाने माझे कान लाल झाले.

गावातली सगळी अढी गेली असं मी म्हणणार नाही. पार आणि नळ यांच्यामध्ये अजूनही काही जण मान खाली घालून जातात. मामांचे गुडघेही आता गेलेत, डॉक्टरांनी सायकल बंद केली आहे. तरी ते रोज सकाळी ती हाताने धरून, होती त्याहून सावकाश, चाचांच्या दुकानापर्यंत नेतात.

"हवा कमी वाटून राह्यली."

चाचा अंगठ्याने टायर दाबून पाहतात. महिनोन्महिने कोणी न बसलेल्या सायकलीचा टायर टणक असतो.

"हाव, जराशी कमीच हाय," ते म्हणतात, आणि पंप उचलतात.