डॉक्टरकाकांचा अर्धा तास

आमच्या रजिस्टरमध्ये नाव, वय, वजन, बीपी असे रकाने आहेत. लोक काय बोलतात, त्याला रकाना नाही. त्यामुळे ते सगळं माझ्या डोक्यात साठत जातं आणि कुणी समोर कॉफी ठेवली की सांडायला लागतं. आता तुम्ही ठेवलीच आहे, तर ऐका.

दर शनिवारी तमिळनाडूतल्या दारासुरमच्या एका विणकर गल्लीत आमचं बीपी तपासायचं टेबल लागतं. आम्ही तिघं. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे रिटायर झालेले डॉक्टरकाका. नर्स सेल्वी अक्का. आणि आहारशास्त्राची डिग्री घेऊन आलेली मी. काकांचा सगळ्यांना एकच सल्ला : "रोज अर्धा तास चाला!" स्वतः काका कुंभकोणमहून कारने येतात, ते थेट टेबलापर्यंत.

*

पहिल्याच शनिवारी बायकांची रांग लागली. एकजात सगळ्यांचं बीपी चढलेलं! काका गंभीर झाले. "आनुवंशिक असणार."

"काका, या सगळ्या काय एका आईच्या लेकी आहेत?"

मग माझं लक्ष गेलं. टेबल आम्ही सार्वजनिक नळाशेजारी मांडलं होतं आणि पाणी यायची वेळ झाली होती. प्रत्येकीचा एक हात पट्ट्यात, दुसरा घागरीवर! घागरी भरल्यावर पुन्हा मोजलं. बहुतेकींचं खाली आलेलं.

काका समाधानाने म्हणाले, "बघ, गोळी लागू पडली."

गोळ्यांचं खोकं अजून उघडलंही नव्हतं!

*

"तळलेलं बंद. फळं खा," काकांनी एकदा जाहीर केलं.

सेल्वी अक्का हळूच म्हणाली, "सर, या गल्लीत भज्यांच्या चार गाड्या आहेत. फळांसाठी बस धरावी लागते."

काकांचा विश्वास बसेना. स्वतः खात्री करायला निघाले. वीस मिनिटांनी परत आले, ते हातात कागदाचा तेलकट पुडा घेऊन.

"मिळालं की फळ! आत केळं आहे."

*

आता शण्मुगम मामा. साठीचे. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. पोंगलनंतर त्यांना हार्ट अटॅक आला. तंजावरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, चालला नाहीत तर दुसरा येईल. तेव्हापासून मामी माग चालवतात, पण कान सगळा मामांच्या श्वासाकडे.

मामा चालायला निघाले. पहिल्याच दारात प्रश्न, "कुठे निघालात?"

"चालायला."

"ते दिसतंय. पण कुठे?"

मग "बसा, कॉफी घ्या." पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच. अर्ध्या तासात सहा घरं, सहा गोड कॉफ्या!

शनिवारी काकांनी विचारलं, "किती चाललात?"

"पोट भरेपर्यंत!"

*

मी म्हटलं, मामा, मोठ्या रस्त्याने जा. तिथे कुणी ओळखीचं नाही. मामा गेले. एका बाजूने बस, दुसऱ्या बाजूने उघडं गटार. परत आले तेव्हा पायात एकच चप्पल!

मी संतापून गटाराला झाकण मागणारा अर्ज लिहिला आणि सहीसाठी गल्लीतल्या थोरांपुढे ठेवला. सगळ्यांत थोर आजोबांनी तो दोनदा वाचला. "मजकूर चांगला आहे. पण आडी महिना जाऊ दे. आडीत नवीन काही सुरू करत नाहीत."

"गटाराला मुहूर्त?"

"झाकण नवीनच ना?"

"आजोबा, हार्ट अटॅक काय आडी संपेपर्यंत थांबणार आहे?"

"पोरी, फार तापतेस. आधी स्वतःचं बीपी बघ."

सेल्वी अक्काने खरंच पट्टा गुंडाळला. त्या दिवशीचं गल्लीतलं सगळ्यांत जास्त बीपी माझं निघालं!

*

"चालणं जमत नसेल तर निदान दुपारी दोन तास घरात शांत पडा," काकांनी मामांना सांगितलं.

मामींनी ऐकलं आणि हात जोडले. "डॉक्टर, आज तुम्हीच या आमच्याकडे पडायला."

वर सिमेंटचा पत्रा, एक खिडकी, ती शेजाऱ्याच्या भिंतीत उघडणारी. काका चटईवर आडवे झाले. दहाव्या मिनिटाला घामाने निथळत, शर्टाची बटणं उघडी टाकून बाहेर.

"काका, कुठे निघालात?"

"चालायला!"

*

पुढे मामांनी चालणं सोडलंच. "काम नसताना रस्त्यावर फिरणारा माणूस नाही मी," म्हणाले. मी भांडले. काका रागावले. अक्काने समजावलं. मामा ओट्यावरून हलेनात. मामी मात्र मामांच्या दंडावरचा पट्टा सुटला की माझ्या वहीत डोकावायच्या. आकडा वाचता येत नसे, म्हणून माझा चेहरा वाचायच्या.

त्यानंतर एका शनिवारी मी पहाटेच्या पहिल्या बसने गेले. मामींच्या घरचा ताणा पसरायचा दिवस होता. रेशमाचे हजारो धागे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधतात, शेजारी मदतीला येतात आणि उन्हं चढायच्या आत काम उरकतात. मध्ये धागा तुटला तर तो बोटांनी पीळ देऊन जोडायचा. मामींचा हात असा की त्यांच्या ताण्यात धागा तुटलेला कुणाला आठवत नाही.

आणि ताण्याच्या कडेकडेने मामा! नजर धाग्यांवर, कपाळावर घाम, पाय झपाझप.

"मामा, चालताय!"

"चालतोय कसला? काम करतोय! रेशीमच वाईट आलंय या खेपेला. सारखं तुटतंय."

"अहो, इकडे एक तुटला!" पलीकडच्या टोकावरून मामींची हाक. मामा करवादत निघाले. पोचले, जोडला. तोवर मामी या टोकाला, माझ्याजवळ आलेल्या.

त्यांनी एकदा मामांच्या पाठीकडे बघितलं. एकदा माझ्याकडे. मग एक धागा नखांच्या चिमटीत धरला, डोळे मिटले आणि तोडला.

"अहो, इकडे आणखी एक!"