हाराखालचा रंग

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणाच्या घरी भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला की माझा हात आपोआप त्या हाराकडे जातो. बायको चारचौघांत डोळे वटारते. तिला कारण माहीत आहे, तरी वटारते. ते कारण आज सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही. त्यातली माणसं अजून सुरतेतच राहतात आणि त्यांनी सोसायचं तेवढं सोसलं आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पी.एस.आय. होतो आणि डिंडोलीची चौकी माझ्याकडे होती. माझे वडील खानदेशातून लूम चालवायला सुरतेला आले, त्यामुळे घरात अहिराणी, शाळेत गुजराती आणि चौकीत जे चालेल ते, अशी माझी भाषा. वस्तीतल्या लोकांना मी ‘आपला साहेब’ वाटायचो. पोलिसाला याचा फायदा होतो असं लोक समजतात. तोटाही तेवढाच होतो, हे मला त्या प्रकरणात कळलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेत होतो. एक म्हातारी टॉवेलात गुंडाळलेली चौकट छातीशी धरून थेट माझ्या टेबलापाशी आली. मागे आठ-दहा भाऊबंद. तिने टॉवेल सोडला. आत तिच्या मुलाचा फोटो होता, भलामोठा, चंदनाच्या सालींचा हार घातलेला.

“तुम्ही आपलाच शेतस ना, साहेब? मग देखा. मना पोऱ्याले तिनी जहर दिधं. देखा, कसा निया पडी ग्या!”

फोटोतला चेहरा खरंच निळा होता. गालावर, कपाळावर, ओठांवर निळसर हिरवट झाक. खोटं कशाला सांगू, मी खुर्ची मागे सरकवली.

हकिकत अशी. मुलगा लूमवर कामाला. दिवाळीनंतर आजारी पडला आणि पंधरवड्यात गेला. दहाव्याला फोटो हवा म्हणून लग्नातल्या फोटोवरून मोठा करून घेतला आणि दारासमोरच्या भिंतीवर लावला. आमच्याकडे आखाजीला मेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. त्याची ही पहिली आखाजी, म्हणून सगळे भाऊबंद जमलेले. पूजेला फोटो खाली काढला आणि कुणीतरी म्हणालं, अरे, हा तर निळा पडलाय. विष पोटात गेलेला माणूस निळा पडतो, हे सगळ्यांना ठाऊक. पितर घागरीच्या दिवशी येऊन बोलला, असं ठरलं. सुनेला त्याच दुपारी घराबाहेर काढलं. चार वर्षांची नात मात्र ठेवून घेतली. ‘मारेकरणीच्या हाती पोर देणार नाही,’ असा भाऊबंदांचा निकाल, आणि सुनेवर खुनाचा गुन्हा दाखल करा ही मागणी.

गुन्हा दाखल करायला माझ्याकडे होतं काय? प्रेत कधीच जाळलेलं. मी जाणवाजोग नोंद केली, म्हणजे गुन्हा न लावता नुसती माहितीची, फोटो पावती देऊन ताब्यात घेतला आणि सुनेला बोलावलं. ती बमरोलीला भावाच्या खोलीवर होती.

ती आली. पंचविशीची असेल. महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली. आता लिहिताना लाज वाटते, पण फोटो मी मुद्दाम तिच्यासमोर टेबलावर ठेवला होता. माणूस अशाने घाबरतो आणि बोलतो, ही आमची जुनी रीत.

“शेवटचं काय खाल्लं त्याने?”

“भाताची पेज. मीच पाजली.”

“आणखी काय दिलंस?”

“औषध.”

“डॉक्टरचं?”

“आधी झाडपाल्याचं. आठ दिवस. मग दवाखान्यात नेलं.”

“झाडपाला कुणी आणला?”

ती गप्प. मी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा आवाज चढवला तेव्हा म्हणाली, “घरात होता.”

“घरात झाड उगवलं होतं का?”

त्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली. “साहेब, ते पिवळे पडले होते. डोळ्यांपासून नखांपर्यंत पिवळे. सगळ्या चाळीने बघितलंय. आता ते निळे आहेत असं हा कागद सांगतो. तुम्ही मला विचारताय का कागदाला?”

मला राग आला. उत्तर नसलं की मला राग येतो, हा माझा जुना दोष. मी स्टेशन डायरीत लिहिलं: ‘औषध कोणी आणले याबाबत उडवाउडवीची उत्तरे देते.’ जाताना ती एवढंच म्हणाली, “माझी पोर माझ्याशिवाय जेवत नाही, साहेब.” चौकशी पूर्ण होईपर्यंत पोर आजीकडेच राहील, असं मी सांगून टाकलं. पोर तिच्या हाती द्यायला मला कुणी अडवलं होतं? पण भाऊबंदांच्या नजरेत मला आपला साहेब राहायचं होतं.

दवाखान्याचे कागद घरातल्या पेटीतून मागवले. कावीळ, उशिरा दाखल, असं स्वच्छ लिहिलेलं. म्हातारी म्हणाली, डॉक्टरला काय कळतं, झाडपाल्यातच तिने काहीतरी कालवलं असणार. तिचं म्हणणं खोडता येईना आणि धरताही येईना. मी हात टेकले.

मार्ग सापडला तो आमच्या जमादारामुळे. गुजराती माणूस, नोकरी संपत आलेली, स्वभावाने टापटिपीचा. मुद्देमालाच्या कपाटात फोटो बसेना म्हणून त्याने तो आपल्या खुर्चीसमोर ठेवला होता आणि दोन दिवस कुरकुरत होता, “साहेब, आ भाई मारी सामे जोया करे छे.” हा माणूस सारखा माझ्याकडेच बघत असतो. शेवटी त्याने फोटोला कागद गुंडाळायचं ठरवलं आणि त्यासाठी हार काढला. मग मला हाक मारली.

हाराच्या खाली फोटोचा रंग वेगळा होता. जिथे हार लोंबत होता तिथे शर्ट गुलाबी, बाकी सगळा निळसर. डावा कान हाराखाली झाकलेला होता. तो गव्हाळ, तुमच्या-माझ्यासारखा, जिवंत माणसाचा. आणि त्याच्या शेजारी निळा गाल.

“जहरने कान छोडी दीधो?” जमादार म्हणाला. विषाने कान तेवढा सोडला काय?

मी खुर्चीतून उठलोच. फोटो कुणी छापला ते विचारलं आणि तासाभरात त्याच्या दारात होतो.

तो साड्यांची डिझाईनं करणारा माणूस. घरीच कॉम्प्युटर, आणि नमुने दाखवायला घेतलेला रंगीत फोटो छापायचा प्रिंटर. तेव्हा ही नवलाई होती. स्टुडिओत चार दिवस लागत, हा अर्ध्या तासात जुना फोटो मोठा करून देई. आसपासच्या चाळींमधले दहाव्या-तेराव्याचे फोटो त्याच्याकडूनच जात. पोलीस बघून त्याची पाचावर धारण बसली.

“साहेब, में काई खोटुं नथी कर्युं!”

“शाई कुठली वापरतोस?”

आधी म्हणाला, कंपनीची. मी प्रिंटरचं झाकण उघडायला लावलं. आत जी कार्ट्रिज होती तिच्यावर कंपनीचं नाव नव्हतं, दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली. टेबलाखाली रिकाम्यांचा ढीग, सगळ्या तशाच.

मग तो मोकळेपणाने बोलला. कंपनीनी बहु मोंघी पडे, दहाव्याचा फोटो गरिबाला परवडायला हवा, म्हणून रिंगरोडवरून ही लोकल आणायची. “छापताना फरक कळत नाही, साहेब. उलट लाल जास्त उठून दिसतो. लोक खूश होतात.” खोटं बोलत नव्हता. नवा फोटो त्याने मला दाखवला, फारच छान होता. आणि दुसऱ्याची शाई वापरणं हा काही गुन्हा नाही. कलम कुठलं लावणार?

मी तोच फोटो घेऊन बमरोलीच्या एका प्रोसेस हाऊसमधल्या रंगमास्तरांकडे गेलो. विदर्भातले, निम्मं आयुष्य रंगाच्या हौदांपाशी गेलेले. त्यांनी फोटो कुठे लावला होता ते विचारलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो उजेडात तिरका धरला.

“हे कोनाला दाखवून ऱ्हायले तुमी? निळा कुठं आला, बाप्पा? लाल उडाला. पिवळाही थोडा उडाला. निळा पक्का व्हता, तो मांगं राह्यला. दारातल्या उन्हानं झालं नं हे. काच बी नाई लावली.”

एवढं साधं. कापड रंगवणाऱ्या गावातला मी माणूस. कच्चा रंग आणि पक्का रंग हे शब्द लहानपणापासून कानावर. पण मेलेल्या माणसाचा चेहरा दिसला आणि मी ते सगळं विसरलो. आम्ही सगळेच निळा आला कुठून हे शोधत होतो. गेलं काय, हे एकानेही विचारलं नाही.

“मास्तर, हे म्हातारीला पटवायचं कसं?”

“मिलमध्ये आमी कापडाचा तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकतो, अर्धा उन्हात ठेवतो. तेच करा. पन मेलेल्याचा फोटो नका घेऊ. जित्त्याचा घ्या.”

जिवंत म्हणून मी होतोच. डिझाईनवाल्याला माझा वर्दीतला फोटो दिला, त्याच प्रिंटरवर, त्याच कार्ट्रिजने छापायला लावला. पंचांच्या सह्या घेतल्या. अर्ध्या चेहऱ्यावर पुठ्ठा बांधला आणि वैशाखाच्या उन्हात चौकीच्या गच्चीवर ठेवून दिला, वर दोन विटा. सगळी चौकी हसली. जमादार रोज सकाळी वर जाऊन यायचा आणि सलाम ठोकून सांगायचा, “साहेब, तमे हजी सारा छो.” अजून बरे आहात. आठव्या दिवशी मात्र येऊन नुसता मान हलवत उभा राहिला.

पंधरा दिवस झाले तेव्हा म्हातारीला बोलावलं, भाऊबंदांना बोलावलं, सुनेलाही. म्हातारीने नातीला कडेवरून आणलं होतं. आईला बघताच पोर खाली उतरायला धडपडू लागली. म्हातारीने तिला घट्ट धरून ठेवलं.

पंचांसमोर मी पुठ्ठा सोडला. माझा अर्धा चेहरा जसाच्या तसा. अर्धा निळा.

“आई, हा मी. मला कुणी जहर दिलं? मी तर तुमच्यासमोर उभा आहे.”

मग तिच्या मुलाच्या फोटोवरचा हार बाजूला केला आणि तो कान दाखवला. एक भाऊबंद माझ्या फोटोकडे बघे, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. म्हातारीने बोट पुढे केलं आणि त्या गव्हाळ कानावरून हळूच फिरवलं. किती वेळ फिरवत होती कोण जाणे. मला वाटलं होतं, तिचा जीव भांड्यात पडेल. झालं उलटंच. तिचा चेहरा उतरत गेला.

“मंग तिनी काही दिधं नही?”

“नाही, आई.”

“मंग मीच ना, साहेब? तो पाला तं मीच लयेल व्हता.”

नातीला तशीच धरून ती खाली बसली. हळूहळू सगळं बाहेर आलं. कावीळ उतरवणाऱ्या कुणाकडून पाला तिनेच आणला होता. सून दवाखाना म्हणत होती, म्हातारीने आठ दिवस नेऊ दिलं नव्हतं. ते आठ दिवस तिच्या उरावर बसले होते. फोटो निळा दिसला आणि तिला वाटलं, सुटले, दोष दुसऱ्या कुणाचा होता.

आणि सुनेला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिला तीनदा विचारलं होतं, आवाज चढवून. एक नाव घेतलं असतं तर ती मोकळी झाली असती, पोर तिच्या हाती आली असती. तिने घेतलं नाही.

ती सासूजवळ जाऊन खाली बसली. म्हणाली, “तुम्ही आणला, मी वाटून दिला. आपण दोघींनी दिला. औषध म्हणून दिला.” म्हातारीची पकड सैल झाली. पोर आईच्या मांडीवर गेली आणि म्हातारीचा पदर तिने सोडला नाही.

भाऊबंद एकेक करून निघून गेले. डिझाईनवाल्याने ज्या ज्या घरी तसे फोटो दिले होते तिथे कंपनीच्या शाईने नवे छापून नेऊन दिले, आणि प्रत्येक घरी सांगितलं, काच लावा, उन्हात ठेवू नका. हे करायला त्याला कुठल्याही कलमाची गरज पडली नाही. मुलाचा जुना फोटो परत देताना जमादाराने विचारलं, पोहोच कुणाच्या नावावर लिहू? म्हातारी सुनेकडे बघून म्हणाली, तिच्या.

माझा अर्धा निळा फोटो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पोलिसाला गप्प बसणारा माणूस गुन्हेगार वाटतो. तशी आम्हाला सवयच लागते. पण माणूस दुसऱ्याला वाचवायलाही गप्प बसतो, स्वतःचं पोर पणाला लावून बसतो, हे मला एका पंचवीस वर्षांच्या बाईने शिकवलं. त्या दिवशी मी तिची माफी मागितली नाही. वर्दी आड आली म्हणा.

संध्याकाळी डायरी उघडली. ‘उडवाउडवीची उत्तरे देते’ ही माझ्याच अक्षरातली ओळ समोर आली. स्टेशन डायरीतलं लिहिलेलं खोडता येत नाही, तसा नियम आहे. मी चालू तारखेच्या पानावर नवी नोंद केली: ‘औषध दोघींनी मिळून दिले. औषध म्हणून दिले.’ आणि खाली सही केली.