मिहरानच्या कोरण्या

बुर्ज हम्मूद या आर्मेनियन वस्तीतल्या आमच्या गल्लीतले खडे बसवणारे कारागीर स्वतःला फार सरळ माणसं समजतात. मीही त्यांच्यातलाच. त्यांच्या बाजूनं मालकांशी भांडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. म्हणूनच आराक्सीशी ते जसे वागले ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आराक्सीचा बाप मिहरान म्हणजे गल्लीतला नावाजलेला हात. कोरणीच्या टोकानं खड्याशेजारच्या सोन्यातून राईहून बारीक कणी उचलायची आणि ती खड्याच्या कडेवर दाबून बसवायची, हे आमचं काम. मिहरानची कणी भिंगाखाली बघावी अशी. शेवटची काही वर्षं तो काम घरी न्यायचा. कारखान्यातल्या जनरेटरच्या आवाजानं डोकं उठतं म्हणायचा. पोरगी त्याच्या कोरण्यांना धार लावून देते, एवढंच लोकांना माहीत होतं.

मिहरान गेला. मुलगा नसलेल्या कारागिराची हत्यारं मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी होणाऱ्या प्रार्थनेनंतर सोबत्यांनी वाटून घ्यायची, आणि कारखान्यातली त्याची जागा कुणाला द्यायची तेही त्यांनीच ठरवायचं, ही आमची रीत. जेवणं झाल्यावर आराक्सी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कारागिराला, गारोला, म्हणाली की कोरण्या मला हव्यात आणि बाबाची खिडकीजवळची जागाही हवी. बाबाला दिसेनासं झाल्यापासून काम मीच करत होते.

गारो हसला. "पोरी, धार लावणं वेगळं आणि खडा बसवणं वेगळं. धार तू झकास लावतेस."

बाकीचेही हसले. तिच्याच घरची कॉफी पीत, तिच्याच टेबलावरून एकेकानं कोरण्या उचलल्या आणि खिशात घातल्या. मी आरडाओरडा केला, तर मला म्हणाले, तू आपले मोर्चे सांभाळ.

सोमवारी कारखान्यात त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. कोरणी ज्याच्या त्याच्या हाताची असते. मूठ तळव्यात रुतवायची आणि पातं अंगठ्याच्या पुढे जेमतेम नखभर यायला हवं. जास्त आलं तर घसरतं, कमी आलं तर सोन्याला पोचत नाही. म्हणून नवी कोरणी आणली की आम्ही आधी तिचं शेपूट, म्हणजे मुठीत जाणारा मागचा भाग, तोडतो, मूठ घासतो, मगच टोकाला हात घालतो. मिहरानच्या कोरण्या कुणाच्याच हातात सोन्याला पोचेनात. गारोनं हट्टानं जोर लावला, तर ती घसरून त्याच्याच अंगठ्यात घुसली. रक्त चोखत म्हणाला, म्हाताऱ्यानं शेवटी शेवटी हत्यारांची पार वाट लावली.

मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा! माझं डोकं फिरलं. तसाच जिना उतरलो आणि आराक्सीला घेऊन आलो.

ती थेट गारोपाशी गेली. गारोच्या पुढ्यातली कोरणी उचलली, बापाच्या जागेवर बसली, टोक दगडावर जरासं फिरवलं. गारोची अर्धवट अंगठी लाखेत रोवलेली होती, ती पुढे ओढली, कणी उचलली आणि खड्यावर बसवली. मूठ तिच्या तळव्यात दिसेनाशी झाली होती.

मग वळून म्हणाली, "गारोकाका, माझ्या बापाचा पंजा तुम्ही पाहिलाय. भाकरीएवढा होता. ही एवढीशी मूठ त्या हाताची वाटते तुम्हाला? इतकी वर्षं भिंग लावून ज्या कणीला वाहवा म्हणत होतात, ती माझी होती. आता उठवा मला इथनं."

कुणी उठवलं नाही. कुणी चुकलो असंही म्हणालं नाही, तेवढी लाज असती तर अजून काय हवं होतं. संध्याकाळपर्यंत एकेक कोरणी तिच्या टेबलावर परत आली, ठेवणाऱ्याची मान खाली.

परवा गारोनं तिला कॉफी पाठवली. सोबत आपल्या बोथट कोरण्या, जरा धार लावून दे म्हणून. कॉफी पिऊन तिनं कोरण्या होत्या तशा परत पाठवल्या.

"काकांना सांगा," ती म्हणाली, "खडा बसवणाऱ्यानं आपली धार आपण लावायची असते."